फाईल कोणीं उघडावयाची ?

गेल्या आषाढांतील गोष्ट. महाडास पावसाची झड लागली कीं सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांची खबर घेत रात्र जागविण्याची संवय आम्हां गांवकऱ्यांस जुनीच आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरापासून तर ती अधिकच दृढ झाली. त्या रात्रींहि आम्ही असेच जागे होतों. पहांटे फाटक वाजलें आणि आमचा पुतण्या औद्योगिक वसाहतींतील रात्रपाळी आटोपून घरीं आला. एरवीं हा मुलगा आल्याबरोबर चहा मागावयाचा. त्या दिवशीं भिजलेला रेनकोटहि न काढतां ओसरीवर बसून राहिला. काय झालें म्हणून विचारलें, तेव्हां म्हणाला, "काका, माझ्याच हातचा प्रोग्रॅम मला ऐन वेळीं फसवून गेला."

या पानावर संगणकाचा विषय यावा याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या नांदतात त्या घरांत आतां संगणकहि नांदतो, आणि घरांत जें नांदतें त्याची रीतभात आपल्याला ठाऊक असावी, एवढ्याच हेतूनें आम्ही पुढील हकीकत लिहीत आहों.

महाडची औद्योगिक वसाहत, जिला सारा मुलूख ‘एमआयडीसी’ म्हणूनच ओळखतो, बिरवाडीच्या बाजूस पसरलेली असून तेथील कारखाने बहुतांशीं रसायनांचे व औषधी द्रव्यांचे आहेत. महाड-पोलादपुराकडील कितीएक घरांची चूल तिच्यावर पेटते, आणि तिची धास्तीहि त्याच घरांना असते. ३ नोव्हेंबर २०२३ रोजीं तेथील एका कारखान्यांत स्फोट होऊन आग लागली व कामगार प्राणांस मुकले, हें वाचकांस वर्तमानपत्रांतून ठाऊक असेलच. अशा ठिकाणीं कोणत्या पिंपांत काय आहे, तें सांडल्यास काय करावें आणि काय मुळींच करूं नये, हें सांगणारा कागद हाताशीं असणें हा जीवनमरणाचा प्रश्न होय. या कागदास ‘सेफ्टी डाटा शीट’ म्हणतात. भोपाळच्या १९८४ सालच्या दुर्घटनेनंतर आपल्याकडे जे कायदेकानू झाले त्यांत धोकादायक रसायनांसंबंधींचे १९८९ चे नियम आहेत. त्यांनीं असा कागद तयार ठेवणें बंधनकारक केलें. सध्यां त्याचीं सोळा प्रकरणें जगभर ठरून गेलेलीं आहेत : चौथें प्रथमोपचारांचें, पांचवें आग विझविण्याचें, सहावें सांडलवंडीचें.

पुतण्या ज्या कारखान्यांत काम करतो तेथें अशीं शंभरावर पत्रकें संगणकांत सांठविलेलीं आहेत. फावल्या वेळीं त्यानें एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर रसायनांच्या नांवांची यादी दिसावयाची. हवें तें नांव निवडून ‘उघडा’ हें बटण दाबलें कीं पत्रक समोर हजर. दोन वर्षें हा प्रोग्रॅम बिनबोभाट चालला. त्या रात्रीं मात्र गोदामांत थायोनिल क्लोराइडच्या एका पिंपाचें झांकण सैल होऊन धूर येऊं लागला. हें द्रव्य असें आहे कीं पाण्याची गांठ पडतांच तें खवळतें आणि त्यांतून हायड्रोजन क्लोराइड व सल्फर डायऑक्साइड असे दोन विषारी वायू सुटतात. कोंकणांतील आषाढाची ओली हवा देखील त्याला धुमसविण्यास पुरते. एक नवा कामगार पाण्याची नळी घेऊन धांवला. धूर दिसला कीं पाणी ओतावें ही मनुष्याची उपजत बुद्धि. त्या बिचाऱ्याला दोष कसा द्यावा? पुतण्यानें ओरडून त्याला थांबविलें आणि आपल्या आठवणीची खात्री करून घेण्यासाठीं बटण दाबलें. उत्तर आलें : ‘फाईल सांपडत नाहीं.’

पुन्हां दाबलें, पुन्हां तेंच. फाईल तर जागच्या जागीं होती. अखेर भिंतीवर टांगलेला, कडा कुरतडलेला, जुना छापील कागद कामास आला. पाणी दूर ठेवण्यांत आलें, इतर मंडळी बाहेर गेली, मुखवटे चढविलेल्या जाणत्या माणसांनीं सांडलेल्यावर कोरडी वाळू टाकून पिंपाचा बंदोबस्त केला. कोणास इजा झाली नाहीं. पण पुतण्याचें मन त्या तीन शब्दांत अडकून पडलें होतें. असलेली फाईल सांपडत नाहीं, हें कसें ?

आम्ही जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले. उभा जन्म पोरांकडून शब्द चालवून घेण्यांत गेला. संगणकाशीं संबंध हयातीच्या दाखल्यापुरता आणि आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्तापुरता. तरीहि दुपारीं झोंप घेऊन उठल्यावर पुतण्यानें आम्हांस समोर बसवून आपल्या चुकीचा उलगडा केला, आणि तो आम्हांस कळला. त्यानें प्रोग्रॅममध्यें असें लिहून ठेविलें होतें कीं, ही फाईल घे आणि अमक्या कप्प्यांत राहणाऱ्या अमक्या वाचक-प्रोग्रॅमकडून उघडून आण. त्याच दिवशीं दुपारीं देखभालीच्या माणसानें तो वाचक त्या संगणकावरून काढून टाकून दुसरा बसविला होता. बटण दाबल्यावर प्रोग्रॅम जुन्या पत्त्यावर गेला, तेथें कोणी नव्हतें, आणि संगणकानें प्रामाणिकपणें कळविलें कीं सांपडत नाहीं. काय सांपडत नाहीं, एवढेंच तो सांगावयास विसरला. पत्रक होतें, पत्रक वाचणारा नव्हता. श्राद्धाच्या दिवशीं ठरलेले भटजी परगांवीं गेले म्हणून यजमानानें ‘पोथी हरवली’ अशी हांकाटी करावी, त्यांतलाच हा प्रकार.

"मग वाचणाऱ्याचें नांव आणि पत्ता लिहिण्याचा उपद्व्याप तूं केलासच कशाला ?" असें आम्हीं विचारलें. कारण रूढ मार्ग तो नव्हेच, हें त्यानेंच आम्हांस सांगितलें होतें. प्रत्येक संगणकांत एक नोंदवही असते. विंडोजवाले तिला रजिस्ट्री म्हणतात, इतरांकडे तिचीं नांवें वेगळीं. कोणत्या जातीची फाईल कोणत्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन करावयाची, याची नेमणूक तींत लिहिलेली असते. लिहिणाऱ्यानें आपल्या प्रोग्रॅमांत एकच ओळ लिहावी : ‘ही फाईल उघड.’ कोणीं उघडावयाची तें बोलूं नये. मॅकमध्यें यासाठीं ‘ओपन’ नांवाची आज्ञा आहे, लिनक्समध्यें ‘एक्सडीजी-ओपन’ आहे, विंडोजमध्यें तशीच विनंती करण्याची सोय आहे. पुढचें संगणक पाहून घेतो. ज्याची अशी नेमणूक झालेली असते त्याला इंग्रजी जाणणारे ‘डिफॉल्ट’ म्हणतात. आम्ही त्याला नेमणुकीचा प्रोग्रॅम म्हणूं.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना यांत नवें कांहीं नाहीं. दारीं कोणी आलें कीं, त्याला कोणाकडे न्यावयाचें हें ओसरीवरील पोराला न सांगतां ठाऊक असतें. जमिनीचा कागद असला तर तो थोरल्या काकांपुढें. विहिणीचा निरोप असला तर माजघरांत. दूधवाल्याचा हिशेब धाकट्या सुनेकडे. दूधवाला ‘मला अमक्याच बाईंना भेटावयाचें आहे’ असा हट्ट धरीत नाहीं. उद्यां हिशेबाचें काम थोरल्या सुनेकडे गेलें, तरी त्याचा पैसा बुडत नाहीं.

परंतु पुतण्याच्या चुकीलाहि एक कारण होतें, आणि तें ऐकून आमचा अर्धा राग गेला. पत्रक सोळा प्रकरणांचें, दहाबारा पानांचें. संकटाच्या वेळीं पहिल्या पानावरील कारखान्याचा पत्ता वाचीत बसण्यास कोणाला सवड असते ? तो ज्या वाचक-प्रोग्रॅमला नांवानें बोलावीत असे, त्याला ‘अमक्या पानावर उघड’ असेंहि सांगतां येत असे. बटण दाबलें कीं थेट प्रथमोपचाराचें पान. नेमणुकीच्या मार्गानें गेल्यास ही सोय सुटते. कारण समोर कोण येणार हेंच ठाऊक नसल्यामुळें त्याच्याशीं ठरलेल्या खुणेनें बोलतां येत नाहीं. फाईल हातीं द्यावी आणि ‘उघड’ म्हणावें, इतकेंच. म्हणजे एका बाजूस ओळखीचा पण बेभरंवशाचा माणूस, आणि दुसऱ्या बाजूस केव्हांहि हजर असणारा पण अनोळखी. पुतण्यानें पहिला पतकरला होता. आमच्या मतें अशा जागीं दुसराच पतकरला पाहिजे; आणि आतां त्यानें तसें केलें आहे. पानाची अडचण त्यानें निराळ्या रीतीनें सोडविली, ती आम्हांस फार आवडली. प्रत्येक पत्रकांतील चौथें, पांचवें व सहावें हीं तीन प्रकरणें काढून त्यांची वेगळी दोन पानी फाईल केली. आतां पान सांगण्याचें कारणच उरलें नाहीं. फाईल उघडणें म्हणजेच पान उघडणें.

तरी पहिल्याच आठवड्यांत दुसरा खोडा निघाला. गोदामांतील संगणकावर सर्व सुरळीत. पण शेजारच्या विभागांतील संगणकावर तेंच बटण दाबल्यावर दोन मिनिटें घड्याळ फिरत राहिलें आणि मग नकाशे काढण्याचा एक अजस्र प्रोग्रॅम डुलत डुलत उघडला. तेथें कोणीं तरी पीडीएफ जातीच्या सर्व फायलींवर त्याचीच नेमणूक करून ठेविली होती. नोंदवहीवर विसंबावयाचें तर नोंदवही कोणी तरी नीट ठेवावी लागते. पूर्वीं तर अंदाधुंदीच होती. नवा प्रोग्रॅम घरांत शिरला कीं तो स्वतःच नोंदवही उघडून जुन्या कारभाऱ्याचें नांव खोडावयाचा आणि आपलें लिहावयाचा. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ही मुभा काढून घेण्यांत आली. आतां प्रोग्रॅमला ‘मला नेमा’ अशी विनंती करतां येते, पण नेमणूक माणसानें आपल्या हातानें करावी लागते. हा सुधार आम्हांस योग्य वाटतो. घरचा कारभारी कोण हें घरच्यांनीं ठरवावें, पाहुण्यानें नव्हे. ज्या वाचकांस आपल्या संगणकावरील नेमणूक बदलावयाची असेल त्यांनीं फायलीवर उजवी टिचकी मारून ‘ओपन विथ’ येथें जावें, हवा तो प्रोग्रॅम निवडावा आणि ‘ऑलवेज’ म्हणावें. ‘ऑलवेज’ म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढें मात्र आम्ही सुचवूं.

आतां संगणकाला फायलीची जात कळते कशी, हा प्रश्न उरतो; आणि येथें आमच्यासारख्या जुन्या शास्त्रवेड्या माणसाला मोठी मौज वाटली. विंडोजमध्यें ती नांवाच्या शेपटावरून कळते. नांव, मग एक टिंब, आणि टिंबापुढें तीनचार अक्षरें. १९८१ सालच्या डॉस प्रणालींत नांवाला आठ व शेपटाला तीन अक्षरें मिळत. ती परंपरा अजून चालू आहे. मॅकिंटॉशनें १९८४ मध्यें निराळी वाट धरली होती. तेथें शेपूट नसे. प्रत्येक फायलीसोबत चार चार अक्षरांच्या दोन खुणा नोंदलेल्या असत, एक जातीची आणि दुसरी तिला जन्म देणाऱ्या प्रोग्रॅमची. त्यामुळें एकाच जातीच्या दोन फायली आपापल्या माहेरीं उघडत. २००१ सालच्या नव्या मॅकपासून शेपटाचें प्रस्थ वाढलें, आणि २००९ च्या आवृत्तीपासून माहेरची ती खूण मानणेंच बंद झालें.

शेपूट हा शब्द आम्हांस ग्राम्य वाटतो. हा तर सरळ प्रत्यय आहे ! ज्याच्या अंतीं नामाचा किंवा क्रियापदाचा प्रत्यय येतो त्यालाच पाणिनि पद म्हणतो. नुसत्या प्रातिपदिकाला वाक्यांत प्रवेश नाहीं. फायलीचेंहि तसेंच. प्रत्यय नसेल तर विंडोज गोंधळून विचारतें, ‘ही कशानें उघडूं ?’ पण साम्य येथेंच थांबत नाहीं. अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादांत आचार्यांनीं सांगून ठेविलें आहे कीं, प्रत्ययाचा लोप झाला, तो डोळ्यांना दिसेनासा झाला, तरी त्याच्यामुळें होणारें कार्य होतच राहतें. ‘राजा’ या पदांत सु हा प्रत्यय कोणास दिसतो ? तो लोपला, परंतु राजन् शब्दाच्या अंतींचा नकार गळतो तो त्या न दिसणाऱ्या प्रत्ययाच्याच बळावर. विद्यार्थ्यांना हें समजावितांना आमचा घसा कोरडा पडे. आज आमच्यापाशीं याहून चांगलें उदाहरण आहे.

१९९५ सालच्या विंडोजपासून एक रिवाज पडला, तो आजतागायत चालू आहे : ओळखीच्या जातीच्या फायलींचा प्रत्यय पडद्यावर दाखवावयाचा नाहीं. नांव सुटसुटीत दिसावें एवढाच हेतु. प्रत्ययाचा लोप झाला. कार्य मात्र राहिलें. ४ मे २००० रोजीं याचा जगाला प्रत्यय आला (हा श्लेष वाचकांनीं क्षम्य मानावा). त्या दिवशीं ओळखीच्या माणसांच्या नांवानें लोकांना विजेची पत्रें येऊं लागलीं. मथळा : ‘आय लव्ह यू.’ सोबत एक फाईल : ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.’ टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर. त्याला कोण भिणार? पण त्यापुढें आणखी एक टिंब आणि ‘व्हीबीएस’ अशीं तीन अक्षरें होतीं, तीं लोपलेलीं. तो मजकूर नव्हता, तो आज्ञांचा गठ्ठा होता. टिचकी मारतांच विंडोजनें नोंदवही पाहिली, व्हीबीएस जातीसाठीं नेमलेल्या आज्ञापालकाला हांक मारली, आणि त्यानें इमानेंइतबारें आज्ञा पाळल्या : चित्रांच्या व इतर फायली बिघडविल्या आणि पत्त्यांच्या वहींतील प्रत्येकाला तेंच प्रेमपत्र धाडलें. हें सारें फिलिपाईन्समधून सुरू झालें. तेव्हां त्या देशांत अशा कृत्याला शिक्षा देणारा कायदाच नव्हता, म्हणून खटला टिकला नाहीं.

येथें दोष कोणाचा ? आमच्या मतें क्रियापदाचा. ‘उघडणें’ हें एकच क्रियापद आपण दोन अगदीं भिन्न कृतींना लावतों. पत्र उघडणें म्हणजे वाचणें. पण ती फाईल स्वतःच प्रोग्रॅम असेल तर तिला उघडणें म्हणजे तिच्या आज्ञेंत वागणें. पाकीट फोडणें निराळें, आणि पाकिटांतील मनुष्य बाहेर येऊन घराच्या किल्ल्या मागूं लागणें निराळें ! संगणक दोहोंस एकच शब्द वापरतो, आणि नेमणुकीच्या मार्गानें फाईल सोंपविणारा प्रोग्रॅम ती न पाहतां सोंपवील तर दोहोंतील भेद त्याला कळणार नाहीं.

पुतण्याच्या त्या एका ओळींतहि हेंच विष होतें. रसायनें पुरविणारे व्यापारी नवीं पत्रकें पाठवितात. तीं त्या कप्प्यांत पडतात. आणि बटण दाबणारा रात्रपाळीचा मनुष्य प्रत्यय पाहण्याच्या मनःस्थितींत नसतो. म्हणून त्यानें आतां दोन चौक्या बसविल्या. नांवाच्या अगदीं शेवटचा प्रत्यय पीडीएफ असल्यावांचून फाईल पुढें सोंपवावयाची नाहीं. आणि दुसरी चौकी आंतली : फायलीचा आरंभ तपासावयाचा. जुन्या पोथ्या जशा गणेशवंदनानें सुरू होत, तशी कितीएक जातींच्या फायलींची एक मंगलाचरणाची खूण असते. पीडीएफच्या आरंभीं टक्क्याचें चिन्ह आणि पीडीएफ हींच अक्षरें. झिप जातीच्या गठ्ठ्याच्या आरंभीं ‘पीके’, म्हणजे ती जात निर्माण करणाऱ्या फिल कॅट्झ यांचीं आद्याक्षरें. आपण ज्या ‘डॉक्स’ फायलींत पत्रें लिहितों, त्यांचाहि आरंभ पीके असाच. कारण आंतून त्या झिपच आहेत. नांव बदलतां येतें, प्रत्यय खोटा लावतां येतो. मंगलाचरणाची नक्कल करणें त्याहून थोडें कठीण. अशक्य आहे असें मात्र पुतण्या म्हणूं देत नाहीं. वाचकांनीं आपल्यापुरती एक गोष्ट आजच करावी : फायलींची यादी दाखविणाऱ्या खिडकींत ‘व्ह्यू’ येथें जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ या पुढें खूण करावी. लोपलेले प्रत्यय पुन्हां दिसूं लागतात.

कारखान्याची गोष्ट येथें संपली. घरची राहिली, आणि ती लिहितांना हात थोडा अडखळतो.

२०२१ च्या पुरांत आमच्या माजघरांत पाणी शिरलें, तेव्हां तीन पिढ्यांनीं जमविलेले कुलवृत्तान्ताचे कागद भिजले. ते वाळवून, छायाचित्रें घेऊन, पुन्हां टंकून संगणकांत घातले, आणि त्यांसाठीं पुतण्यानें ‘दप्तर’ नांवाचा दुसरा प्रोग्रॅम करून दिला. सर्व कागद एका मोठ्या पेटाऱ्यासारख्या फायलींत. नांवावर टिचकी मारली कीं तो कागद नेमणुकीच्या प्रोग्रॅमांत उघडावयाचा. श्रावणांत आमच्या नव्वदी ओलांडलेल्या आत्या पोलादपुराहून पंधरा दिवस राहावयास आल्या. छापील कुलवृत्तान्तांत मुलग्यांचीं नांवें सनावळीसकट असतात. लेकींच्या जागीं बहुधा ‘कन्या दोन’, ‘कन्या चार’ असा आंकडा. त्या आंकड्यांमागचीं नांवें आत्यांना ठाऊक होतीं : माहेरचीं, सासरचीं, कोणती कोठें दिली, कोणती बाळंतपणांत गेली. एका दुपारीं त्या सांगत गेल्या आणि आम्ही तीन तास संगणकावर लिहीत गेलों. मधून मधून ‘सेव्ह’ दाबीत होतों. दुसऱ्या दिवशीं कागद उघडला तों ‘कन्या चार’ जशाच्या तशा.

कारण ऐका. दप्तर पेटाऱ्यांतील कागद नेमणुकीच्या प्रोग्रॅमच्या हातीं देतांना मूळ प्रत देत नसे. एक तात्पुरती नक्कल काढून ती देत असे. आम्हीं तीन तास जें सुधारलें तें त्या नकलेवर. ‘सेव्ह’ झालें, तेंहि नकलेवरच. रात्रीं दप्तर बंद करतांना त्यानें आपली नक्कल झाडून टाकली. नेमणुकीच्या प्रोग्रॅमकडे फाईल सोंपविली कीं सोंपविणाऱ्याचा हात सुटतो. त्यानें लिहिलें काय, संपविलें केव्हां, हें मागें कळत नाहीं. थांबून वाट पाहावी म्हटलें तर तेंहि साधत नाहीं. कारण तो प्रोग्रॅम आधींच चालू असला तर नवा निरोप्या फाईल त्याच्या हवालीं करून तात्काळ परत फिरतो, आणि इकडे दप्तराला वाटतें कीं काम झालें.

पुतण्या त्या दिवशीं जेवला नाहीं. आम्हीं त्याला रागें भरलों नाहीं, हें खरें. पण आमचा चेहरा त्याला दिसत होता. धाकट्या भावजयी म्हणाल्या, "वहीवर लिहिलें असतें तर ?" आम्ही गप्प राहिलों.

त्यानें दप्तर बदललें आहे. केवळ वाचण्यासाठीं कागद काढला तर नकलेवर ‘लिहूं नये’ अशी मोहर बसते, आणि ‘सेव्ह’ दाबल्यास संगणक तेथल्या तेथें नकार देतो. लिहावयाचे कागद आतां पेटाऱ्यांत नसून उघड्या कप्प्यांत आहेत, आणि उघडते ती मूळ प्रतच.

आत्यांना आम्हीं टेलिफोनवर पुन्हां विचारलें. बहुतेक नांवें त्यांनीं फिरून सांगितलीं. आमच्या पणजोबांच्या चार कन्यांपैकीं दोघींचीं मात्र आठवेनात. "त्या दिवशीं तोंडावर आलीं होतीं रे," म्हणाल्या. त्या दोन जागा रिकाम्या ठेविल्या आहेत. येत्या रविवारीं पोलादपुरास जावयाचें ठरलें आहे. जुनीं माणसें भेटलीं, भिंतीवरचीं चित्रें पाहिलीं कीं आत्यांना आठवतें, असा अनुभव आहे. पुतण्याची त्या दिवशीं सुट्टी आहे, तोहि येतो आहे. भावजयींनीं पिशवींत एक वही आणि दोन पेन्सिली घालून ठेविल्या आहेत.